तर्री वेगळ्या वाटीत

यवतमाळात बाजाराला गेले की अजूनही कोणीतरी मागून हाक मारतं, "ओ काकू!" वळून पाहावं तर टक्कल पडलेला, पोट सुटलेला एखादा गृहस्थ, बाजूला बायको आणि हातात भाजीची पिशवी. मला काही ओळख लागत नाही. मग तो म्हणतो, "काकू, मी पोळीचे काठ काढून ठेवणारा!" की लगेच सगळं आठवतं. चेहरे माझ्या ध्यानात राहत नाहीत, पण कोण काय मागून खायचं आणि कोण काय ताटात टाकून उठायचं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी मेस चालवली. किती वर्षं ते माझ्या गुडघ्यांना विचारा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमची जागा होती. खाली बियाणं, खतं, फवारणीचे पंप आणि वर आम्ही. जून महिन्यात खालच्या दुकानात बियाण्यासाठी झुंबड उडायची आणि त्यातले कितीतरी शेतकरी फोडणीचा वास आला म्हणून जिना चढून वर यायचे. जिना उभा आणि अरुंद. एक माणूस उतरत असला की दुसऱ्याने खाली थांबायचं. आमचे हे आधी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. ते बंद पडल्यावर माझ्या बाभुळगावच्या माहेरून आणलेले मोठे गंज, म्हणजे पातेली, धुऊन पुसून चुलीवर चढवले आणि कामाला लागले. बाजारहाट यांच्याकडे, पोळ्या-भाकरी कामाला ठेवलेल्या सुमनबाईकडे, भाजी-वरण माझ्याकडे.

मेस म्हणजे हॉटेल नव्हे, हे आधी सांगते. हॉटेलात माणूस एखाद्या दिवशी जीभ सुखवायला जातो. मेसमधला माणूस सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं एकाच हाताचं खातो. त्याचं पोट बिघडलं तरी तो तुमच्याकडेच येतो आणि त्याला सरकारी नोकरी लागली तरी पेढे घेऊन तुमच्याकडेच येतो. त्याच्या अंगावर मांस चढतं ते तुमच्या भाजी-पोळीचं असतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. तोपर्यंत मला एकच कळायचं, ताटं चाटूनपुसून गेली पाहिजेत. हात धुता धुता पोट्टे, म्हणजे कॉलेजची पोरं, विचारायचे, "काकू, उद्या काय?" हा प्रश्न आला की मला त्या दिवसाची पावती मिळायची. ज्या दिवशी कोणी विचारलं नाही, त्या दिवशी भाजी बिघडली असं समजायचं.

नमुने एकेक होते. पुण्याकडून बदलून आलेले एक बँकेतले साहेब वरणात गूळ मागायचे. सुमनबाई त्यांच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तशी पाहायची. एक एसटीचा ड्रायव्हर होता, तो रोज दारातूनच ओरडायचा, "भाकर असन तं बसतो, पोळी असन तं चाललो!" एक प्राध्यापक स्वतःचं लिंबू खिशात घेऊन यायचे, कारण मेसचं लिंबू अर्धं कापलेलं असतं आणि उरलेलं अर्धं कोणाला गेलं या विचाराने त्यांना जेवण जायचं नाही.

या सगळ्यांमध्ये खिडकीजवळची जागा इंगोलेभाऊंची. नेरजवळच्या एका खेड्यातले. घरी कापूस-तुरीची शेती, ती धाकटा भाऊ पाहायचा. इंगोलेभाऊ इथे एका कचेरीत नोकरीला. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही. खोलीवर चहासुद्धा करायचे नाहीत. मला वैनी म्हणायचे. माझ्या मेसची खरी जीभ म्हणजे इंगोलेभाऊ. पहिला घास घेऊन क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "वैनी, आज मसाला कच्चा राह्यला." हटकून खरं असायचं. आणि रोज एक वाक्य ठरलेलं, "वैनी, तर्री दिसू द्या जराशी."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी तर्रीबद्दल सांगायला हवं. रश्शावर जे लाल तेल तरंगतं ती तर्री. आमच्या वऱ्हाडात ती नुसती खायची वस्तू नाही, तो घराच्या इभ्रतीचा मामला आहे. लग्नात पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शावर तर्री दिसली नाही तर पाहुणे जेवतील, हात धुतील आणि घरी जाताना म्हणतील, "माणूस खचलेला दिसतो." पाहुणा आला की तेल जास्त, जावई आला की त्याहून जास्त. मीसुद्धा त्याच मातीतली. माझ्या रश्शात चमचा घातला की आधी तेलातून खाली जायचा, मग भाजी लागायची, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग एका उन्हाळ्यात इंगोलेभाऊंना हार्टॲटॅक आला. कचेरीतल्या लोकांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. परत आले ते अर्धे होऊन. खिडकीजवळ बसले आणि म्हणाले, "वैनी, तेल बंद, मीठ बंद, तळलेलं बंद. आता मले नुसतं उकडून देत जा."

मी दिलं. उकडलेला दुधी, उकडलेली गिलकी, पातळ वरण. शेजारच्या ताटात वांग्याचा रस्सा आणि यांच्या ताटात पांढरंफटक काहीतरी. ते बिचारे चार घास खायचे, पाणी प्यायचे, उठायचे. शेजारच्या ताटाकडे पाहायचे नाहीत, हेच मला दिसायचं. पुढे संध्याकाळी येणं बंद झालं. विचारलं तर म्हणाले, "भूकच नाई लागत जी." गळ्याचं हाड वर आलं, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. मी यांना म्हटलं, "हा माणूस हार्टॲटॅकमधून वाचला आणि माझ्या दुधीनं मरणार."

हे त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले, मीही मागे मागे गेले. डॉक्टर मला ओरडले. म्हणाले, "उकडून द्यायले कोनं सांगतलं तुमाले? तेल बंद नाही, कमी म्हटलं मी. मीठ कमी म्हटलं. चव कमी करा असं म्हटलं का? हे जेवले नाहीत तर औषध कायच्या जोरावर काम करन?" मी विचारलं, सैंधव चालेल का, कारण गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मला सैंधव सुचवलं होतं. ते म्हणाले, "सैंधवही मीठच असते, काकू."

तिथून घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. भाऊंच्या ताटात चव आणायची. पण आणखी एक गोष्ट मला रिक्षात बसल्या बसल्या कळली. त्यांना दुधीचं दुःख नव्हतंच. पंगतीत बसून वेगळं खायचं, याचं दुःख होतं. माणूस एकटा राहतो तेव्हा दिवसातून दोन वेळा चार जणांसारखं खाणं, एवढंच त्याचं घर असतं. म्हणून वेगळं शिजवायचं नाही. गंज एकच. जे भाऊंना चालेल तेच सगळ्यांना.

सुमनबाईला सांगितलं तर तिने परातीतून हात काढले. "ताई, तेलाबिगर भाजी म्हंजे ढोराचा चारा. पोट्टे पळून जातीन."

"तेलाबिगर नाही, सुमन. कमी."

"कमी म्हंजे किती कमी?"

ते मलाही माहीत नव्हतं. आजवर तेल मी बुधलीतून ओतत आले होते, आणि बुधली वाकडी झाली की हात कधी थांबतो हे कोणी पाहिलं आहे? पहिलं काम केलं ते हे की बुधली वरच्या फळीवर ठेवली आणि तेल डब्यात काढून त्यात पळी टाकली. पळीने तेल घेतलं की निदान दिसतं. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत गेले. एकदम केलं असतं तर सगळी मेस अंगावर आली असती.

आमच्याकडे वाटणाचा कांदा आणि खोबरं तेलात लाल करतात. मी कांदे अख्खे जाळावर भाजले, वरची काळी सालं काढली, खोबऱ्याची वाटी तशीच भाजली आणि वाटलं. त्या भाजीला शेतातल्या चुलीवरच्या भाजीचा वास आला. तेल कमी असलं की मसाला बुडाला धरतो, तेव्हा आपला हात आपोआप तेलाकडे जातो. तिथे तेलाऐवजी गरम पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं, पुन्हा परतायचं. वेळ लागतो, पण मसाला शिजतो, कच्चा राहत नाही. आता रस्सा पाणचट व्हायला लागला. त्यावर मला माझ्या आईचं जवसाचं कूट आठवलं. जवस आणि तीळ कोरडे भाजून कुटायचे, मूठभर कुटात गंजभर रस्सा दाटतो.

मिठाची गोष्ट अवघड होती. तेल डोळ्याला दिसतं, मीठ जिभेलाच कळतं. मी भाजीत मीठ सगळ्यात शेवटी टाकायला लागले, कारण आधी टाकलं तर रस्सा आटतो आणि मीठ तेवढंच उरतं. आणि आंबट वाढवलं. अंबाडी, चिंच, कैरी, नाहीतर उतरवताना लिंबू. आंबट असलं की जीभ मिठाची फार चौकशी करत नाही. वर मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पापड आणि लोणचं ताटात आपणहून वाढणं बंद केलं, मागेल त्यालाच द्यायचं. बहुतेकांना मागायचा कंटाळा असतो, हे माझ्या लक्षात आलं. पोळ्या येईपर्यंत ताटात काकडी, मुळा, गाजर ठेवून द्यायचे. भुकेली पोरं समोर आलेलं काहीही खातात. घरी ज्यांनी मुळा ओळखला नसता, ते माझ्याकडे मुळा खाऊन गेले. तळणासाठी एकदा वापरलेलं तेल पुन्हा कढईत टाकणं मी त्या वर्षी सोडलं, ते आजतागायत.

आता राहिले इंगोलेभाऊ. पंगतीतल्या रश्शातलंच वाढते म्हटलं असतं तर त्यांनी हात लावला नसता, दवाखान्याचा धसका घेतला होता त्यांनी. म्हणून मी मोठ्या गंजातली भाजी एका छोट्या पातेल्यात काढायची आणि ते पातेलं त्यांच्यासमोर नेऊन वाढायची. त्यांना वाटायचं, हे आपलं वेगळं. बाकीच्यांना वाटायचं, आपलं नेहमीचं. भाजी एकच होती. हे फक्त मला, यांना आणि सुमनबाईला माहीत.

पहिल्या दिवशी सोले-वांगी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. इंगोलेभाऊंनी घास घेतला, थांबले. मी पदर तोंडात धरून उभी.

"वैनी, हे माह्यासाठीच हाय ना?"

"तुमच्यासाठीच."

"मंग पथ्याच्या भाजीले चव कशी काय आली?"

त्यांनी अर्धी भाकर आणखी मागितली. स्वयंपाकघरात जाऊन मी रडले, लपवत नाही. संध्याकाळी ते परत यायला लागले.

महिने गेले. भाऊंच्या अंगावर जरा मांस आलं. इकडे बाकीच्यांच्या रश्शावरची तर्री हळूहळू आटत चालली होती आणि ते काही आंधळे नव्हते. आधी थट्टा झाली. "काकू, रश्श्यात तोंड दिसत नाई आता." मग दोघं-तिघं मेस सोडून गेले, माझ्या हाताची चव गेली म्हणून. लिंबूवाले प्राध्यापक त्यांत होते. जाताना मला म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," जणू मी त्यांचा पेपर फोडला होता. मग मात्र सगळे एकदम गप्प झाले. जेवताना एकमेकांकडे पाहायचे, मी आले की विषय बदलायचे. कोणी दुसऱ्यांदा भाजी मागेना. मला वाटलं, झालं, मेस बसली.

मला काय माहीत त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं. आमच्या भागातला माणूस तर्री नसलेला रस्सा पाहून एकच गोष्ट समजू शकतो, घर अडचणीत आलं. काकू अडचणीत आहेत आणि सांगत नाहीत, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. दुसऱ्यांदा भाजी मागत नव्हते ते मला भार नको म्हणून. आणि त्यांनी आपसांत वर्गणी काढून माझ्यासाठी तेलाचा मोठा पिपा, म्हणजे पत्र्याचा डबा, घ्यायचं ठरवलं होतं. या सगळ्याचे पुढारी होते इंगोलेभाऊ. त्यांच्या मनात तर आणखीच एक काटा होता. वैनी माझ्यासाठी रोज वेगळी भाजी शिजवतात, त्याच्यानेच यांची ओढाताण होते, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

दुपारची वेळ होती. सुमनबाई जिन्यातून ओरडली, "ताई, धावा!" मी गेले तर इंगोलेभाऊ जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले, डोकं भिंतीला टेकलेलं, सगळं अंग घामाने भिजलेलं. बाजूच्या पायरीवर तेलाचा भरलेला पिपा. पोट्टे कॉलेज सुटल्यावर उचलणार होते, पण भाऊंना धीर धरवला नाही. दुकानातून स्वतः खांद्यावर घेऊन निघाले होते. डॉक्टरांनी ज्याला पाण्याची बादली उचलू नको म्हणून सांगितलं होतं, तो माणूस त्या उभ्या जिन्यावरून तेलाचा पिपा खांद्यावर घेऊन चढत होता.

हे आणि खालच्या दुकानातला माणूस, दोघांनी मिळून त्यांना उतरवलं. रिक्षात मी त्यांचं डोकं धरून बसले होते. माझ्या मनात एकच होतं, हा माणूस तेलानेच गेला तर मी पुन्हा चूल पेटवणार नाही. दवाखान्यात आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. हे म्हणाले, "तू सांगून टाकायचं होतं त्याले." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर जेवले असते का?" मी अजूनही तेच म्हणते.

दुसरा झटका नव्हता. ताण पडला होता. ठेवून घेतलं आणि डॉक्टरांनी त्यांना असं काही झापलं की वॉर्डातले बाकीचे पेशंट आपापल्या गोळ्या घ्यायला लागले. मला आत सोडलं तेव्हा ते छताकडे पाहत पडले होते.

मी म्हटलं, "भाऊ, तेल कायले आणलं तुम्ही?"

"वैनी, मी रोज पाहून राह्यलो होतो. सगळ्यायच्या ताटात तर्री नाई. तुमी माह्यापायी वेगळं रांधता, अन् त्या पोट्ट्यायले कोरडं खा लागते. मले घास गियाले जात नव्हता."

"वेगळं काहीच नव्हतं, भाऊ. तुमचं पातेलं मी त्याच गंजातून भरत होते. इतके महिने सगळी मेस तुमचंच पथ्याचं खाते आहे."

त्यांनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "तो ड्रायव्हर?"

"तोही."

"बँकेतले गूळवाले साहेब?"

"तेही."

"म्हंजे मी एकटा नव्हतो," असं म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते ते मी पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं. थोड्या वेळाने तिकडे तोंड करूनच म्हणाले, "पन तर्री साफ बंद नका करू, वैनी. लोकं तुमाले काईबाई बोलतात, ते मले सहन होत नाई. वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याले पायजे तो घेईन."

तिथून माझ्या मेसची पद्धत बदलली. रस्सा कमी तेलाचा आणि प्रत्येक टेबलावर एका वाटीत तर्री, आत छोटा चमचा. ती तर्री त्याच वर्गणीच्या पिप्यातल्या तेलाची. पहिल्या आठवड्यात पोट्ट्यांनी वाट्या पालथ्या केल्या. मी काही म्हटलं नाही. पण स्वतःच्या हाताने घ्यायचं म्हटलं की माणूस किती घेतो ते त्याचं त्यालाच दिसतं. हळूहळू वाट्या अर्ध्या परत यायला लागल्या, मग जवळजवळ भरलेल्याच. तो पिपा संपता संपेना. बैलपोळ्याच्या दिवशी मी स्वतः इंगोलेभाऊंच्या रश्शावर चमचाभर तर्री टाकली. ते घाबरून माझ्याकडे पाहायला लागले. म्हटलं, "एका चमच्यानं काही होत नाही, भाऊ. रोज नाही फक्त." त्या दिवशी ते इतके सावकाश जेवले की त्यांच्यासाठी मी टेबल पुसायचं थांबले.

अशीच वर्षं गेली. इंगोलेभाऊ निवृत्त झाले. धाकटा भाऊ गावाला बोलवत होता, पण ते गेले नाहीत. सांगायचे, यवतमाळचं हवामान मानवतं. यवतमाळच्या उन्हाळ्याला हवामान म्हणणारे तेवढेच. मग मालकाने ती इमारत विकली, तिथे कॉम्प्लेक्स होणार होतं. नवी जागा पाहायची तर माझे गुडघे नाही म्हणाले. मेस बंद करायचं ठरलं. पोट्ट्यांना फारसं काही वाटलं नाही, त्यांच्या मोबाईलवर आता सगळं घरपोच येतं. इंगोलेभाऊ मात्र बातमी ऐकून नुसते बसून राहिले. म्हणाले, "चालन जी. कुठंतरी पाहू." त्यांचं ते 'कुठंतरी' मला ठाऊक होतं. बसस्टँडवरची भजी आणि संध्याकाळी उपाशी.

मी म्हटलं, "उद्या सकाळपासून लवकर यायचं. जेवायला नाही, शिकायला."

"या वयात, वैनी?"

"या वयात जेवता ना?"

कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला फोडणी शिकवणं हा काय प्रकार असतो ते मीच जाणे. मोहरी तडतडली की मागे सरायचे. कांद्याने डोळ्यांना धार लागायची आणि ते चष्म्याला दोष द्यायचे. मसाला लागायला लागला की त्यांचाही हात तेलाकडे जायचा, मी मागून ओरडायची, "पाणी! पाण्याचा हबका!" सुमनबाईने भाकरी शिकवायचं मनावर घेतलं. त्यांची पहिली भाकर तिने हातात धरून सगळीकडून पाहिली आणि म्हणाली, "खाता येईन. ओवाळता नाई येनार." पण जीभ मुळात पक्की होती त्यांची. काय चुकलं ते त्यांना चाखून कळायचं, हात मग त्याच्या मागे मागे गेला. शेवटच्या दिवशी गंज आणि वाट्या वाटून टाकल्या. इंगोलेभाऊंनी ते छोटं पातेलं मागून घेतलं.

आता मी मुलाकडे असते, यवतमाळातच. मागच्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाच बीपीही निघालं. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं. सून नोकरीवाली, गुणाची. सकाळी घाईघाईने करून ठेवायची बिचारी, आणि माझ्यासाठी वेगळं. वेगळं! उकडलेला दुधी माझ्यासमोर आला तेव्हा मला हसूही आलं आणि रागही आला. साऱ्या गावाला मिठाचे पाठ दिले आणि स्वतःवर आली तशी रुसून बसले. अर्धं ताट परत जायला लागलं. यांनी कोणाला फोन केला ते मला नंतर कळलं.

एका दुपारी दारात स्कूटर थांबली. इंगोलेभाऊ. केस पूर्ण पांढरे, खांदे मात्र ताठ. हातात डबा. मी पलंगावरून उठू शकत नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं, ताट मागितलं आणि स्वतः वाढलं. ज्वारीची भाकर, ओवाळता येईल इतकी गोल. सोले-वांगी. मुळ्याच्या चकत्या आधी. आणि झाकणाची एक एवढीशी डबी वेगळी काढून ताटाच्या बाहेर ठेवली.

"ते काय?"

"तर्री. पायजे तं घ्या."

मी घास घेतला. कांदा जाळावर भाजलेला होता, जवसाचं कूट होतं, उतरवताना लिंबू पिळलेलं होतं. पदर नव्हता म्हणून ते हातांनी तोंड झाकून उभे होते, अगदी मी उभी राहायची तसे.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

बरोबर आहे म्हणून मी मान हलवली. मग डबी उघडली आणि त्यांच्यासमोर चमचाभर तर्री रश्शावर सोडली. ती लाल रेघ वाटीत पसरली.

"चालते जी वैनी," ते म्हणाले. "एका चमच्यानं काई होत नाई. रोज नाई फक्त."

ताट मी चाटूनपुसून टाकलं. त्यांनी डबा आवरला, डबीत किती उरलं ते झाकण उघडून पाहिलं आणि समाधानाने पुन्हा लावलं. दारापर्यंत गेले तेव्हा मी पलंगावरच ताटात हात धुता धुता मागून हाक मारली.

"भाऊ, उद्या काय?"